भरावाखालची बाभूळ

सिद्धनाथच्या पोराचं जावळ होतं, आणि त्या निमित्तानं दुखण्यातून उठलेली सोनिया पहिल्यांदाच भावकीत बसणार होती.

भुकूमच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी धनगरांची वस्ती. सकाळपासूनच अंगणात मांडव पडला होता. चुलवणावर मटणाचा हंडा रटरटत होता आणि पाहुण्यांच्या मोटारसायकली खाली, बिल्डरच्या पत्र्याच्या कुंपणापाशी लावलेल्या होत्या, कारण वर यायला वाट अशी नव्हतीच. आत सोनियाची आई चिमाबाई लेकीच्या अंगात तो घट्ट, कातडीच्या रंगाचा अंगरखा चढवत होती. पुण्याच्या दवाखान्यात मापं घेऊन शिवून दिलेला. मांडीवरची कातडी काढून मानेवर, खांद्यावर लावली होती, ती जाड होऊन दोरखंडासारखी ताणू नये म्हणून तो दिवसरात्र ल्यायचा, फक्त अंघोळीला उतरवायचा. वर्षभर तरी सुटका नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आज तरी ऱ्हाऊ दे का?" चिमाबाई म्हणाली. "उन्हाचं खाज सुटंल. वरनं पदर घिऊ."

"न्हाई आये. घाल."

"लोकं बघत्याल गं."

"बघू दे की. कवातरी बघायचंच हाय."

चिमाबाईनं निमूट बंद आवळले. उजवा हात कोपराखाली नव्हता. तिथं मोजा चढवला. डाव्या पावलावर, जिथून वीज बाहेर पडून जमिनीत गेली होती, तिथल्या खड्ड्यावर नवी कातडी धरली होती. सोनिया लंगडत, पण कुणाचा आधार न घेता मांडवात आली आणि बायकांच्या पंगतीत बसली.

बोलणी मुद्दाम मोठ्यानं होऊ लागली. वाकडहून आलेल्या एका मावळणीनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि डोळ्याला पदर लावला. "सोन्यासारखी पोर. आता कसं व्हायचं गं हिचं?"

"काय व्हायचंय मावळण?" सोनिया म्हणाली. "शेरडं रोज राखतीय. धारा काढायला तेवढी आई लागती. डाव्या हातानं शिकतीय, तर बकरी उभी ऱ्हात न्हाई, तिला बी माझी सवय व्हायला पायजे."

बायका हसल्या आणि मांडव सैल झाला.

बाळ उज्वलाच्या भावाच्या मांडीवर बसलं. न्हाव्यानं वस्तरा लावला तसं ते किंचाळायला लागलं. उज्वला, सिद्धनाथची बायको, पोराला चुचकारता चुचकारता मधूनच सोनियाकडं बघत होती. ती गावची आशाताई, घरोघरी आरोग्याचं काम बघणारी. त्या दिवशी माळावर आवाज झाला तेव्हा सगळ्यांत आधी पोचली होती तीच. सोनिया शेरडांसाठी आकडीनं पाला तोडत होती. आकडीला पूर्वी कळकाची काठी असायची, आता सगळेच लोखंडी पाइप वापरत. पाइप डोक्यावरच्या विजेच्या तारेला लागलासुद्धा नसेल, नुसता जवळ गेला आणि निळा जाळ अंगावर आला. सोनिया लांब फेकली गेली, ओढणी पेटली. उज्वलानं अंगावरचं घोंगडं टाकून तिला गुंडाळलं, जाळ विझवला, कॅनमधलं पाणी ओतत राहिली. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद. तिनं दोन्ही परत पाठवल्या आणि कातडीला चिकटलेलं कापड कुणाला ओढू दिलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर कौतुकानं विचारलं होतं, हिला पहिलं पाणी कुणी घातलं?

पण तो प्रवास. ॲम्ब्युलन्स खाली डांबरीवर उभी, आणि वस्तीवरून तिथवर सोनियाला त्याच घोंगड्याच्या झोळीत घालून न्यावं लागलं होतं. पुढं सिद्धनाथ, मागं भिकू. दगडधोंड्यांतून प्रत्येक पावलाला बसणारा हिसका सोनियाला अजून आठवत होता. त्यामुळंच आज मांडवात ज्या रस्त्याचं बोलणं निघणार होतं, त्याची किंमत तिला नीट ठाऊक होती.

पंगती उठल्या आणि बापूसाहेबांची पांढरी गाडी कुंपणापाशी थांबली.

बापूसाहेब खालच्या आळीचे जमीनदार. हा सगळा माळ त्यांचा, आता बिल्डरला विकलेला. वस्तीवरच्या लोकांच्या अडीनडीला ते उभे राहत आणि लोकही त्यांचा शब्द मोडत नसत. भिकू लगबगीनं उठला, त्यांना खुर्ची दिली. भिकू म्हणजे सिद्धनाथचा बाप आणि सोनियाचा चुलता. तिचा बाप जोतिबा वारल्यापासून दोन्ही घरांचा कारभार तोच बघत होता, आणि वाईट बघत नव्हता.

बापूसाहेबांनी बाळाच्या हातात नोट ठेवली, पाणी घेतलं आणि सोनियाकडं वळले. "बरं वाटतंय का पोरी आता?"

"बरं हाय."

"उद्या ते विद्युत निरीक्षकाचं माणूस येतंय म्हणं. चौकशीला."

"व्हय."

"मग त्याआधी चार शब्द बोलावं म्हणून आलोय. भिकूच्या कानावर घातलंय मी." त्यांनी मांडवातल्या जाणत्यांवरून नजर फिरवली. "बिल्डरचं म्हणणं असं, की झालं ते वाईट झालं. पण चौकशीत त्यांचं नाव आलं तर काम बंद पडंल. तेवढं होऊ नये. त्याच्या बदल्यात ते वस्तीला रस्ता द्यायला तयार हायेत. त्यांच्या जागेतनं, पक्का, थेट तुमच्या अंगणापातूर. ॲम्ब्युलन्स दारात येईल. सिद्धनाथचा डंपर बी त्यांच्याकडंच चालू ऱ्हाईल."

मांडवात हालचाल झाली. रस्ता. वस्तीतल्या प्रत्येक बाळंतिणीनं, प्रत्येक म्हाताऱ्यानं जो मागितला होता तो.

"आन् मी काय करायचं?" सोनियानं विचारलं.

उत्तर भिकूनं दिलं. मान वर न करता. "तू एवढंच सांगायचं सोने, की पाला तोडाया बाभळीवर चढली व्हतीस. तारंच्या जवळ ग्येलीस. बास. मग कुणाचाच दोस न्हाई."

"माझा ऱ्हातो की तात्या."

"तुला कुठं कोण फाशी देतंय?"

"फाशी न्हाई. पण मग माझा हात माझ्याच चुकीनं ग्येला असं व्हतंय. कायमचं."

मग मावळण हळूच म्हणाली, "पोरी, हात काय परत येत न्हाई. रस्ता सगळ्यांचा व्हईल." दोघा-तिघांनी माना हलवल्या. सोनियानं एकेकाकडं पाहिलं. ही सगळी तिचीच माणसं. दवाखान्यात रक्त द्यायला रांगेत उभी राहिलेली. त्यांच्यात कुणीही दुष्ट नव्हतं, म्हणून तर ते अवघड होतं.

"सिदूदादा," ती म्हणाली, "तुजं काय म्हणनं हाय?"

सिद्धनाथ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तारेखालचा मातीमुरमाचा सगळा भराव त्याच्या डंपरनं आणलेला. खालचा उतार भरून सपाट मैदान केलं होतं त्यानं, बिल्डरच्या इंजिनिअरनं दाखवलं तिथं. तार जागेवरच राहिली होती, जमीन तिच्याकडं उचलली गेली होती. अपघातापासून त्यानं सोनियाशी डोळ्याला डोळा लावून बोलणं टाकलं होतं.

"आबा म्हणत्याल तसं," तो एवढंच पुटपुटला.

तेव्हा उज्वलानं बाळ भावाकडं दिलं आणि ती पुढं आली. "मी बोलू का?"

"बायांचं काय यात," भिकू म्हणाला.

"जळली बाईच हाय मामंजी." उज्वलाचा आवाज चढला नव्हता. "मी बघितलंय तिला. ती बाभळीवर न्हवती, जमिनीवर उभी व्हती. उद्या मला इचारलं तर मी तेच सांगनार. माझा जबाब पोलिसांनी दवाखान्यातच घेतलाय, तो मी बदलायची न्हाई. आन् त्या मैदानात उद्या आमचं हे पोर खेळाया जाईल. तार अजून तितंच हाय."

बापूसाहेबांनी खुर्चीतून पुढं वाकून समजुतीचा सूर लावला. "कोर्टकचेऱ्या लई वर्षं चालत्यात गं. वकिलाला पैका लागतो."

"लागत न्हाई," सोनिया म्हणाली. "पौडच्या कोर्टात विधी सेवा समिती हाय. बाईमाणसाला तितं वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती बी असू दे. मला मिळालाय."

गौतमी वकील तिला पहिल्यांदा भेटली ती दवाखान्यातच. जळालेला माणूस दाखल झाला की दवाखाना पोलिसांना कळवतो, त्यातूनच वॉर्डातल्या समाजसेविकेनं गौतमीला निरोप दिला होता. साधी, चष्मेवाली, पौडलाच वाढलेली. तिनं सोनियाच्या खाटेशी स्टूल ओढून सांगितलं होतं, "वीज ही धोक्याची गोष्ट आहे. ती ज्यानं तारेत सोडली, त्यानंच ती लोकांपासून लांब ठेवायची. तुझी चूक नव्हती हे सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर नाही. आणि त्या तारेखाली कुणी न कळवता भराव टाकला असेल, तर त्यालाही उत्तर द्यावं लागेल. तू फक्त झालं तसं सांग. कुणाच्या सांगण्यावरून एक शब्द इकडचा तिकडं करू नकोस."

तेव्हा सोनिया औषधांच्या गुंगीत होती, पण ते शेवटचं वाक्य तिच्यात रुतून बसलं होतं.

"तात्या," ती भिकूला म्हणाली, "मी झालं तेच सांगनार. रस्ता मला बी पायजे. झोळीत मी व्हते, तुमाला ठावं हाय. पर खोटं बोलून नगं."

भिकू उठला. बापूसाहेब गाडीकडं निघाले तेव्हा त्यांना पोचवायला तोच गेला, पण जाताना मायलेकींना म्हणाला, "मग उद्या मला बोलवू नगा. मी येनार न्हाई." आणि त्याच्या मागोमाग निम्मी भावकी उठली.

पाहुणे पांगल्यावर चिमाबाई लेकीच्या खांद्याला तेल लावत बसली. रोजचं काम. कातडीवर बोटं दाबून गोल फिरवायची, नवी कातडी मऊ पडेपर्यंत.

"तुजं चुकलं असं मी म्हणत न्हाई," ती म्हणाली. "पर एवढ्या लोकांत एकली पडलीस गं."

"तू हायेस की."

"मी काय, अडाणी."

"आये, हात कापायचा का म्हणून इचाराया डॉक्टर आलं तवा तू बाहेर व्हतीस." सोनियानं हे आधी कधी सांगितलं नव्हतं. विजेचं भाजणं वरून दिसतं त्याहून कितीतरी आत असतं, हे त्या दिवशी तिला डॉक्टरांनी समजावलं होतं. वर मनगटाशी एक काळा डाग, आणि आत स्नायू, शिरा सगळं शिजून गेलेलं. हात फुगून दगड झाला तेव्हा दाब मोकळा करायला लांब चिरा दिल्या होत्या. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. जळलेल्या मांसातला अंश मूत्रपिंडं बंद पाडू नये म्हणून सलाइनवर सलाइन चढत होतं. तरी हात हळूहळू मरत चालला होता आणि त्याच्याबरोबर बाकीचं अंगही धोक्यात येत होतं. "मी त्यांना म्हणले, आईला इचारू नगा, ती रडंल. मी सांगते. काढा. तवा मी ठरवलंय आये, जगायचं तर जगूनच दावायचं. आता ह्ये ठरवायला काय जड हाय?"

चिमाबाईनं तळहातावर आणखी तेल घेतलं. मग म्हणाली, "उद्या मी बी येते तुझ्यासंगं."

सकाळी मैदानावर बरीच माणसं जमली होती. विद्युत निरीक्षक म्हणजे एक पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर वीज कंपनीचे दोन लाइनमन, पौड ठाण्याचा हवालदार, बिल्डरचा तरुण इंजिनिअर आणि बापूसाहेब. गौतमी तिच्या स्कूटीवरून येऊन सोनिया आणि चिमाबाईपाशी उभी राहिली होती. उज्वला बाळाला कडेवर घेऊन आली. वस्तीवरचे बाकी लोक कुंपणाच्या पलीकडं, लांबून बघत होते. भिकू त्यांच्यात दिसत नव्हता. सिद्धनाथ डंपरच्या केबिनमध्ये बसून होता, दार बंद करून.

आधी वीज बंद केली. मग लाइनमननं मापाची लांब काठी तारेपर्यंत उभी केली. निरीक्षकांनी आकडा बघितला, पुन्हा बघायला सांगितलं आणि भुवई उंचावली. नियमात बसण्याइतकी उंची तिथं नव्हती, हे कुणी न सांगताही कळत होतं.

"तार आता उन्हाळ्यानं सैल पडलीय," इंजिनिअर म्हणाला. "आणि जमीन पहिल्यापासून अशीच आहे सर. आम्ही फक्त वरवर साफसफाई केली. शिवाय मुलगी जमिनीवर नव्हतीच. ती या बाभळीवर चढली होती. झाडावर चढून तारेजवळ जाणं, आता याला कोण काय करणार?"

त्यानं बोट दाखवलं तिकडं सगळ्यांनी पाहिलं. मैदानाच्या कडेला, तारेच्या खाली, बाभळीचा हिरवा झुबका होता.

"तुमचं काय म्हणणं आहे?" निरीक्षकांनी सोनियाला विचारलं. त्यांनी 'तुमचं' म्हटलं, हे तिच्या लक्षात आलं.

सोनिया लंगडत बाभळीपाशी गेली. तिथं उभी राहून तिनं डावा हात फांदीवर ठेवला. फांदी तिच्या कमरेशी होती.

"साहेब, ही बाभूळ बघा. हिला खोडच न्हाई."

निरीक्षक जवळ आले.

"हिच्या सावलीला मी ल्हानपणापासनं बसतीय. हिचं खोड माझ्या कवंत मावत न्हवतं. वरच्या बेचक्यात चढायला बाप मला खांद्यावर घ्यायचा. आता ह्यो बेचका जमिनीला लागलाय. खालचं खोड कुटं ग्येलं? ह्या बाभळीवर चढायचं कसं, ह्ये मला कुणीतरी दावावं. नुसता पाय उचलला की माणूस वर. त्या दिशी मी हितं, अशी उभी व्हते. पाय जमिनीवर. पाइप असा धरला, आन् तार हितं."

तिनं हात वर केला. तोकडा उजवा हातही आपोआप वर गेला.

निरीक्षक वाकून झाडाच्या बुंध्याशी बघत होते. बाभळीच्या फांद्या सरळ मुरमातून उगवल्यासारख्या फुटलेल्या, खालच्या पानांवर धूळ. "इथं खणून बघता येईल का?" त्यांनी विचारलं.

"खणायची काय गरज आहे सर," इंजिनिअर घाईनं म्हणाला. "मजूर नाहीत आत्ता. आणि आमच्या जागेत परवानगीशिवाय..."

"परवानगी मी देऊ शकतो," निरीक्षक म्हणाले. "माणूस मिळेल का कुणी?"

डंपरचं दार उघडलं. सिद्धनाथ खाली उतरला. मागच्या बाजूला अडकवलेलं फावडं आणि टिकाव त्यानं काढला, चालत आला, आणि कुणाकडंही न बघता बाभळीच्या बुंध्याशी पहिला घाव घातला.

"सिद्धनाथ," बापूसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "कामावर जायचंय ना तुला?"

"ह्येच काम हाय बापूसाहेब."

मुरूम अजून बसलेला नव्हता, भराभरा सुटत होता. सिद्धनाथचा सदरा भिजला. खड्डा गुडघ्याएवढा झाला तरी खोडच दिसत होतं, खरबरीत, काळं, गोलाईला वाढत जाणारं. मग कुंपणाचा पत्रा वाजला. वाकून आत आलेला माणूस भिकू होता. तो कुठूनतरी, कुणाला न दिसता, सगळा वेळ बघत होता. त्यानं डोक्याचा फेटा सोडून चिमाबाईच्या हातात दिला, टिकाव उचलला आणि लेकाच्या समोर उभा राहून खणू लागला. दोघं आळीपाळीनं घाव घालत राहिले, झोळी उचलताना चालले होते तसे, एका ठेक्यात.

भिकू कमरेइतका आत गेला तेव्हा टिकाव दगडावर लागून खणकन वाजला. त्यानं हातानं माती सारली. बाभळीभोवती रचलेला जुना पार होता तो. त्याचे दगड जोतिबानं लावलेले, हे वस्तीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्याखाली मूळची काळी जमीन, अजून ओलसर.

भिकू खड्ड्यात उभा राहिला. त्याच्या छातीपर्यंत भराव होता.

"साहेब," तो म्हणाला, "ही आमची खरी जमीन. आमी हितनं शेरडं चारत आलो. पोरगी खोटं बोलली न्हाई."

निरीक्षकांनी टेप खाली सोडला, खड्ड्याच्या तळापासून काठापर्यंत, मग तिथून तारेपर्यंत. हवालदारानं फोटो काढले. गौतमीनंही काढले. "हा भराव कुणी टाकला?" निरीक्षकांनी विचारलं.

सिद्धनाथनं घाम पुसला. "माझ्या डंपरनं टाकला. जागा कुणी दावली ते तुमच्या शेजारीच उभं हायेत. तारंखाली नगं म्हणलो व्हतो, तर लाइन आमी हलवतो म्हणाले. ते मी जबाबात सांगतो." मग तो सोनियाकडं वळला. कितीतरी महिन्यांनी त्यानं तिच्याकडं सरळ पाहिलं. सोनियानं खाली वाकून डावा हात पुढं केला आणि त्याला खड्ड्यातून वर यायला मदत केली. खरं तर तिच्या हाताला तेवढा जोर नव्हता, तोच चढून आला, पण हात त्यानं सोडला नाही.

बापूसाहेब गाडीकडं जाताना सोनियापाशी थांबले. "तुजा बाप असाच व्हता," ते म्हणाले. त्यात राग होता की दुसरं काही, ते तिला कळलं नाही. कळून घ्यायची तिला गरजही वाटली नाही.

अहवाल आला तो निःसंदिग्ध होता. तार नियमापेक्षा खाली, कारण जमीन विनापरवाना उचललेली, जखमी मुलगी जमिनीवर उभी होती, तिचा दोष नाही. गौतमीनं तो फोनवर वाचून दाखवला तेव्हा चिमाबाईनं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं, आणि मग पुन्हा. बिल्डरवर गुन्हा दाखल झाला. वीज कंपनीनं पहिली मदत दिली आणि कोर्टात दोषाबद्दल वाद घालायचं सोडलं. भरपाई किती, एवढाच प्रश्न आता उरला होता. "उरलेले उपचार, पुढच्या शस्त्रक्रिया, कृत्रिम हात, तो झिजला की दुसरा, हे सगळं त्यात मागितलंय," गौतमी म्हणाली. अपंगत्वाचा दाखलाही झाला. सिद्धनाथचं बिल्डरकडचं काम गेलं. महिनाभर डंपर खाली डांबरीच्या कडेला उभा राहिला, मग पिरंगुटच्या एका कारखान्यात लागला.

आणि मग लाइन हलवायचा दिवस उजाडला.

नवे खांब उंच होते, साध्या ट्रकवर मावत नव्हते. लांब ट्रेलर आणि क्रेन वर आणायची तर वाट हवी, म्हणून वीज कंपनीच्या ठेकेदारानं कुंपण काढायला लावून बिल्डरच्या जागेतून वरपर्यंत खडीचा रुंद रस्ता पाडला. अंगणापर्यंत. खांबांची देखभाल करायला पुढंही गाडी यावी लागेल, तेव्हा तो मोडायचा नाही, असं त्यानंच सांगितलं. मावळण बातमी ऐकून वाकडहून रिक्षानं थेट दारात उतरली आणि उतरल्याजागी उभी राहून आधी मागं रस्त्याकडं बघत राहिली.

दिवसभर सगळ्या भुकुमात वीज नव्हती. गिरणी बंद, पाण्याच्या मोटारी बंद, नव्या सोसायट्यांच्या लिफ्टा बंद. खालून माणसं वर येऊन चौकशी करू लागली. अंगणात खुर्ची टाकून, डोक्याला पक्का फेटा बांधून भिकू बसला होता आणि येईल त्याला उत्तर देत होता.

"लाईट कवा येनार हो?" सूसकडच्या एका गाडीवाल्यानं वैतागून विचारलं. "कुणामुळं बंद ठेवलीय एवढी?"

"आमच्या सोनीमुळं," भिकू म्हणाला. "आमची पुतणी हाय. तिनं लाइन हलवायला लावलीय. बसा, च्या घ्या. यील संध्याकाळच्याला."

गोठ्यात सोनिया बकरीला भिंतीशी दाबून, गुडघ्यात भांडं धरून डाव्या हातानं धार काढत होती. बकरी आज पहिल्यांदाच शांत उभी होती. बाहेर चुलत्यानं ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली, आणि या खेपेला बाभळीचं खोड आणखी थोडं जाड झालं होतं. सोनिया आतल्या आत हसली. भांडं अर्ध्यावर आलं होतं. तिनं बोटं झटकली आणि पुन्हा धार धरली.